कुरकुर, टकटक आणि खडूची रेघ



सस्पेन्शनचा धडा आपण सगळ्यांनीच वाचलाय. स्प्रिंगचा स्टिफनेस काढा, नॅचरल फ्रिक्वेन्सी काढा, मार्क घ्या आणि विसरा. पण गाडीखालून ‘टक्’ असा आवाज आला तर तो नॉर्मल की धोक्याचा, हा प्रश्न पेपरात कधीच येत नाही. कामशेत-लोणावळ्याच्या टेम्पोवाल्याला मात्र तो रोज पडतो. त्यात टेम्पो इलेक्ट्रिक असेल तर जास्तच. म्हणून हा छोटासा अभ्यास.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मला माहीत होते ते ‘लीफ स्प्रिंग’ आणि ‘शॉक ॲब्सॉर्बर’. सुट्टीत जुन्या हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये जाऊन बसू लागले, तेव्हा कळलं की त्यांना ‘पाटे’ आणि ‘शॉकॲब’ म्हणतात. पुढे तेच शब्द वापरते.

इलेक्ट्रिकमध्ये आवाज जास्त का?

आवाज जास्त होतो असं नाही, ऐकू जास्त येतो. 2005 साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, सगळ्यांना माहीत आहे. मे 2022 मध्ये त्याचं इलेक्ट्रिक मॉडेल आलं. अशा छोट्या मालवाहू गाड्यांना मागे बहुतेक पाटेच असतात. पाट्यावर पाटा घासला की कुरकुर होणारच. ती डिझेल गाडीतही होतीच, पण इंजिनच्या धडधडीत बुडून जायची. इंजिन गेलं आणि ती उघडी पडली.

दुसरं कारण रीजनरेशन. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटर जनरेटर बनते आणि चाकांना मागे खेचते. म्हणजे टॉर्कची दिशा एका क्षणात उलटते. गिअरच्या दातांमधली थोडीशी मोकळी जागा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा हलकासा ‘टक्’ येतो. हा नॉर्मल. पण त्याच क्षणी ॲक्सल पाट्यांनाही पीळ देतो. तिथे काही सैल असेल तर तोही ‘टक्’ असाच बोलतो. खरी पंचाईत इथे आहे.

आवाजांची ओळख

कुरकुर: रिकाम्या गाडीत, हळू चालताना, खड्ड्यात. बहुतेक वेळा पाटे किंवा रबरी बुश. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो ग्रीस धुऊन नेतो, मग पाट्यांच्या मधे गंज धरतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. उभ्या गाडीच्या बुशवर पाणी मारा आणि मागची बाजू दाबून हलवा. कुरकुर बदलली तर जागा सापडली. पाण्याने फरक पडत नसेल आणि आवाज कुरकुर नसून ठोका असेल, तर कुठेतरी फट पडली आहे असं समजा.

खडखड: लहान खड्ड्यांवर, एकाच बाजूने. शॉकॲबचा बुश किंवा शॅकलची पिन झिजलेली असू शकते. शॉकॲबवर तेल ओघळलेलं दिसलं तर तो गेला.

चाकाच्या तालावरचा आवाज: छोट्या टेम्पोच्या टायरचा घेर साधारण 1.8 मीटर. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेपाच वेळा फिरतं. वेगाबरोबर आवाजाचा ताल वाढत-कमी होत असेल तर पाट्यांना दोष देऊ नका. बेअरिंग, टायर, ब्रेक ड्रम तपासा. सस्पेन्शनचा आवाज रस्त्याच्या तालावर येतो, चाकाच्या नाही.

एक खरी केस

त्या गॅरेजमध्ये एक ड्रायव्हरदादा आले. पवनानगरकडच्या पॉलिहाऊसमधली गुलाबाची फुलं पोहोचवतात. तक्रार अशी: उतारावर पाय काढला की मागून ‘टक्’, परत पाय दिला की ‘टक्’. दोन ठिकाणी दाखवून आले होते. “ताई, दोन्हीकडं एकच सांगितलं, इलेक्ट्रिकला आवाज येतोच. पण मागच्या महिन्यात हा येत नव्हता.”

मिस्त्रीकाकांनी वाद घातला नाही. खडू घेतला आणि दोन्ही बाजूंना पाट्यांपासून ॲक्सलच्या बैठकीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. “घाटातून फिरवून आणा.” दादा परत आले तेव्हा उजवीकडची रेघ जशीच्या तशी होती. डावीकडची तुटलेली, खालचा अर्धा भाग सरकलेला. यू-बोल्टच्या मुळाशी लालसर गंजाची भुकटीही होती. मी टेपने दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत मोजलं, तर डावीकडे 8 मिलिमीटर कमी. उघडल्यावर सेंटर बोल्ट तुटलेला निघाला. म्हणजे ॲक्सल पाट्यांवर पुढे-मागे सरकत होता.

मला वाटतं, सगळा धडा इथेच आहे. आवाज नॉर्मल आहे का, हे नुसत्या कानाने ठरत नाही. जे हलू नये ते हलतंय का, हे डोळ्याने बघून ठरतं.

घाटाचा हिशेब

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर, खोपोली जेमतेम 70. दोन टनाची गाडी बोरघाट उतरते तेव्हा जवळजवळ 3 युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती ब्रेक जिरवो की मोटर, मागच्या चाकांच्या वाट्याचा सगळा जोर ॲक्सलमधून पाट्यांवर आणि पाट्यांतून चॅसीवर जातो. तिथला बोल्ट तुटलेला असेल तर ॲक्सल तिरका होतो आणि गाडी एका बाजूला ओढते. घाटातल्या वळणावर याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

आणखी एक गंमत. बॅटरी फुल असेल तर रीजनरेशन कमी होतं, कारण साठवायला जागाच नसते. मग काम पायाच्या ब्रेकवर येतं आणि तो चारही चाकांवर विभागतो. मोटर मागच्या ॲक्सलला असेल तर रीजनरेशनचा ताण मात्र फक्त मागे. त्यामुळे तोच घाट, तीच गाडी, पण 100 टक्के चार्जला आवाज गप्प आणि 60 टक्क्यांना चालू, असं होऊ शकतं. ड्रायव्हर खोटं बोलत नसतो, चार्ज वेगळा असतो.

स्वतः तपासायचं झालं तर

1. वहीत लिहा: वेग, भार, चढ की उतार, ओला की कोरडा रस्ता, चार्ज किती.
2. बदल शोधा. पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंनी सारखा येणारा आवाज बहुधा स्वभाव. नवा, वाढत जाणारा किंवा एकाच बाजूचा आवाज म्हणजे दोष समजून चाला.
3. खुणा बघा: गंजाची भुकटी, घासून चमकलेली जागा, तेल, एका बाजूने झिजलेला टायर.
4. खडूची रेघ ओढा.
5. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, स्टँड लावा. नारिंगी केबलला हात लावू नका. ती हाय व्होल्टेजची असते.
6. नवे यू-बोल्ट बसवले की थोडं चालवून पुन्हा आवळून घ्या. ते थोडे बसतात आणि सैल होतात.

उद्या आपल्यापैकी बरेच जण सर्व्हिसमध्ये किंवा टेस्टिंगमध्ये जातील. समोर कोणीतरी येऊन म्हणेल, “साहेब, आवाज येतोय.” “इलेक्ट्रिकला येतोच” हे उत्तर द्यायला दोन सेकंद लागतात, रेघ ओढायला दहा. “मागच्या महिन्यात येत नव्हता” हे वाक्य म्हणजे आयती मिळालेली टेस्ट रीडिंग आहे. खिशात एक खडू असू द्या.