विहिरीवरील पंप : निगा, दुरुस्ती व एक वस्तुपाठ

वैशाखात विहिरीचे पाणी खाली गेले की आवारातील पंप चालू असूनही पाणी देईनासा होतो. पंप बिघडला असे समजून घरची मंडळी कारागीर बोलावितात. तो येईपर्यंत मुलांच्या डोक्यावर घागरी चढतात आणि शाळेची हजेरी उतरते. पुष्कळदा पंप बिघडलेला नसतोच.

पंप पाणी ओढून घेतो, हा समज शिक्षकाने प्रथम दूर करावा. नळीतील हवा काढली की बाहेरील हवेचा दाब पाणी वर लोटतो. टोरिचेली याने १६४४ साली हे स्पष्ट केले. समुद्रसपाटीस हा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे ही मर्यादा साडेनऊ मीटरांच्या आसपास येते, आणि पाइपातील घर्षण जमेस धरता व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात. काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी उन्हाळ्यात याहून खाली जाते. अशा वेळी पंप विहिरीतील टप्प्यावर उतरवावा किंवा पाणबुडी पंप बसवावा. मोठी मोटार आणल्याने हवेचा दाब वाढत नाही.

वर्गात पपईच्या पानाची पोकळ नळी धुऊन घ्यावी व पेल्यातील पाणी तिने ओढून दाखवावे. मग पाण्याच्या वरच्या भागी टाचणीने दोन-चार छिद्रे पाडावीत. पाण्याऐवजी हवा येऊ लागते. ओढपाइपाच्या सैल सांध्याचा दोष तो हाच.

पंपात भरलेले पाणी रात्रीत उतरत असेल तर फूटव्हॉल्व्ह पाहावा. त्यात बहुधा पालापाचोळा वा खडा अडकलेला असतो, नाहीतर चामडी चकती झिजलेली असते. ग्लँडमधून मात्र थेंब थेंब पाणी गळू द्यावे. गळती नको म्हणून नट करकचून आवळल्यास आतील दोरी जळते व दांडा खरवडतो. जाणते कारागीरही हे विसरतात. पाण्यावाचून पंप क्षणभरही चालवू नये.

दुरुस्तीपूर्वी मुख्य बटण बंद करून फ्यूज काढून घ्यावेत. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून कदापि चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडास वास नसतो. विहिरीत कंदील सोडून हवा पारखण्याची रीत येथे निरुपयोगी आहे, कारण कंदील विझत नाही आणि खाली उतरलेला मनुष्य मात्र शुद्ध हरपतो. त्याला काढावयास दुसऱ्याने तसेच उतरू नये. वरूनच दोर व मदत मागवावी.