शॉकअप कडक केला, तरी कंबर का दुखते?

प्रश्न : माझी हिमालयन ४११ आहे. रोज ऑफिस, रविवारी डोंगरातल्या कच्च्या वाटा. मेकॅनिकच्या सल्ल्याने मागचा शॉकअप 'फुल टाइट' केला, तर आता खड्ड्यात कंबर मोडते. शॉकअप बदलावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बदलू नका, आधी शॉकअपच्या स्प्रिंगवरचा नट सैल करा. तो आवळून प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवला की स्प्रिंग कडक होते हा समज गॅरेजागॅरेजांत आहे. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी मागून उचलली जाते. मग चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागा उरत नाही आणि गचका थेट मणक्यात.

गाडी मेन स्टँडवर घ्या. मागचं चाक अधांतरी असताना आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेपने मोजा. मग स्टँड काढून हेल्मेट-बुटांसह बसा आणि दुसऱ्याला पुन्हा मोजायला सांगा. तुमच्या गाडीला मागे १८० मिमी ट्रॅव्हल (चाकाची वरखाली हालचाल) आहे. फरक साधारण ५५ ते ६० मिमी हवा. कमी असेल तर नट सैल करा, जास्त असेल तर आवळा. (सायलेन्सर गार झाल्यावरच!) मागे कुणी बसणार असेल किंवा सामान लादलं असेल, तर प्रीलोड थोडा वाढवा.

रविवारसाठी वेगळं सेटिंग लागतच नाही. कच्च्यावर टायरची हवा चार-पाच पीएसआय कमी केली तरी बराच फरक जाणवतो. डांबरीवर येताच ती भरा; पंप सोबत ठेवा.

पुढच्या फोर्कला ॲडजस्टमेंट नाही. त्याच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर मात्र सील लगेच बदला.