डिझेलचा काटा नाचू लागला, तर आधी अर्थ तपासा

जुन्या डिझेल गाडीचा काटा नाचायला लागला की बहुतेक जण काचेवर टिचकी मारतात, नाहीतर थेट मीटर बदलतात. दोन्हींनी दुखणं जागच्या जागीच राहतं. माझ्या गाडीचं तेच झालं, आणि त्याची किंमत माळशेज घाटात मोजावी लागली.

ओतूरचा टोमॅटो कल्याणला उतरवून रिकामे क्रेट घेऊन परत निघालो होतो. काटा त्याआधीपासूनच खड्ड्यागणिक उडत होता. त्यासाठी एका वायरमननं आधी मीटर बदललं, मग टाकीतला फ्लोट बदलला, आणि आता काळजी नको म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी काटा पाव टाकीच्या वरच होता. टोकावडे, मोरोशी मागे पडलं, चढ लागला आणि ऐन वळणावर इंजिन धापा टाकत बंद पडलं. वर पाऊस, समोर धुकं, मागे गाड्यांची रांग. इंजिन थांबलं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्युमची मदत एक-दोन दाबांतच संपते आणि पेडल कडक होतं. हँडब्रेक ओढला, क्लीनरनं मागच्या चाकाखाली दगड लावला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. टाकीत तळाला जेमतेम डिझेल होतं, आणि तेही चढामुळे एका बाजूला सरकलेलं. पाइपनं हवा ओढली होती.

काट्याचं काम साधं असतं. टाकीत फ्लोट वर-खाली होतो, त्याच्या दांडीबरोबर रोध बदलतो, आणि तो रोध एका वायरनं मीटरला कळतो. करंटचा परतीचा रस्ता मात्र टाकीच्या पत्र्यातून, अर्थमधून जातो. तो रस्ता खराब झाला की रोध उगाच वाढतो. काही मीटरमध्ये वाढत्या रोधानं काटा खाली पडतो, काहींत वर चढतो. माझ्या गाडीत वर चढायचा. खाली पडणारा काटा फार तर लवकर पंपावर नेईल. वर चढणारा काटा घाटात दगा देतो.

टाकी चासीवर पट्ट्यांनी आवळलेली असते आणि पट्ट्यांखाली रबर असतं. म्हणजे नुसत्या पट्ट्यांच्या भरवशावर अर्थ मिळत नाही. माझ्या टाकीपासून चासीला गेलेली काळी वायर वरून धडधाकट दिसत होती. टेप सोलली, तर आत तांब्याला हिरवा थर चढलेला, वायर मोजक्या तारांवर लटकलेली, आणि थिंबलखाली लाल गंजाची पापडी. खड्डा आला की थिंबल हलायचं आणि काटा उडायचा. त्यात नवा फ्लोट जुन्याच गंजक्या स्क्रूंवर बसवलेला.

म्हणून तपासणीचा क्रम लक्षात ठेवा. पहिल्यांदा टेंपरेचरचा काटा बघा. तोही नाचत असेल, तर दोष मीटर बोर्डाच्या पुरवठ्यात किंवा तिथल्या अर्थमध्ये शोधा. काही जुन्या गाड्यांत दोन्ही काटे एकाच स्टेबिलायझरवर चालतात. हेडलाइट लावल्यावर काटा सरकत असेल, तरी संशय बोर्डाच्या अर्थवरच घ्या. एकटा डिझेलचाच काटा नाचत असेल, तर टाकीकडे वळा.

तिथे एक चांगली वायर घ्या. तिचं एक टोक फ्लोटच्या झाकणाच्या घासून चकचकीत केलेल्या जागी आणि दुसरं चासीच्या स्वच्छ पत्र्यावर धरा. काटा स्थिर झाला, तर रोग सापडला. नवं थिंबल, नवा स्क्रू, गंज घासून काढलेला पत्रा आणि वरून ग्रीस, एवढ्यात काम होतं.

तरीही फरक पडला नाही, तर चावी चालू ठेवून फ्लोटची वायर काढा आणि क्षणभर चासीला टेकवा. काटा एका टोकाला गेला आणि वायर सोडल्यावर दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायरिंग ठीक आहे, बिघाड फ्लोटमध्ये आहे. वायर जास्त वेळ टेकवून ठेवू नका, काही मीटर त्यानं जळतात. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, झाकणाभोवतीची माती पुसून घ्या आणि फ्लोट बाहेर काढा. मल्टिमीटर ओम्सवर लावून दांडी हातानं सावकाश फिरवा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच तुटला, तर आतली रोधाची पट्टी झिजलेली आहे. फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत डिझेल खुळखुळलं, तर तो फुटला आहे. टाकी उघडी असताना विडी, वेल्डिंग, ग्राइंडर जवळ नको. रिकाम्या टाकीतही वाफ असते.

डिझेल संपून गाडी थांबलीच, तर डिझेल ओतून लगेच सेल्फ मारत बसू नका, बॅटरी बसेल. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करा, हँडपंप मारा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा आणि मगच सेल्फ मारा.

दुरुस्ती होईपर्यंत काट्यावर नाही, किलोमीटरवर चाला. गाडी लिटरला ८ किलोमीटर देत असेल आणि टाकीत ४० लिटर असेल, तर ५ लिटर शिल्लक धरून २८० किलोमीटरला पंप गाठा. घाट चढण्याआधी टाकी निम्म्याच्या वर ठेवा.

वायरमनकडे गाडी लावाल, तेव्हा पार्ट बदलायला होकार देण्याआधी एकच विचारा: टाकीची अर्थ तपासली का? तो तपासत नसेल, तर समोर उभं राहून तपासून घ्या. काही रुपयांच्या वायरसाठी गाडी, माल आणि माणसं पणाला लावू नका.