वर्षावासातील नऊ रविवार
(विद्यार्थ्यांचा संगणक-खेळ प्रकल्प कसा आखावा?)



आजच्या विज्ञानयुगात खेड्यातील मुलाच्या हातीही मोबाईल आला आणि मोबाईलमधून गेम आला. "पोरगं दिवसभर गेममध्येच असते," ही विहारात येणाऱ्या आयांची तक्रार खोटी नाही. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात आठ व दहा घरांच्या पटावरील खेळांची नावे येतात, ती प्रमादाची कारणे म्हणूनच. तेव्हा मंडळाच्या अभ्यासिकेत गेम कशाला, असे ज्येष्ठांनी विचारले तर तो प्रश्न रास्तच मानला पाहिजे.

आमचे उत्तर एवढेच की, गेम खेळणे निराळे आणि गेम तयार करणे निराळे. खेळणारा दुसऱ्याने घालून दिलेल्या नियमांत फिरत राहतो. तयार करणाऱ्याला ते नियम स्वतः लिहावे लागतात, आणि एक आज्ञा चुकली तरी खेळ अडतो. येथे अप्रमादाशिवाय, म्हणजे सावधपणाशिवाय, एक पाऊलही पुढे पडत नाही. मात्र हे काम शाळेच्या एका सत्रात पुरे व्हावयाचे तर आधी आखणी हवी. प्रस्तुत लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

१) आमची चूक

पहिल्या वर्षी आम्ही मुलांना "हवा तो गेम करा" असे सांगून मोकळे झालो. कोणी मोटारींची शर्यत घेतली, कोणी किल्ल्यावरील लढाई. दिवाळीपर्यंत मोटार रंगवून झाली होती, रस्ता झाला नव्हता. शेवटच्या रविवारी आठांपैकी तीनच मुले आली. मुले कमी पडली नाहीत. आमची आखणी कमी पडली.

मोठ्या कंपन्याही येथे ठेचकाळल्या आहेत. अमेरिकेतील अटारी कंपनीने 1982 साली 'ई.टी.' हा गेम नाताळच्या विक्रीसाठी सुमारे पाच आठवड्यांत उरकून घेतला. तो लोकांना रुचला नाही. न खपलेला माल 1983 साली न्यू मेक्सिकोत जमिनीत पुरला गेला; 2014 साली त्यातील काही भाग उकरून काढण्यात आला. याच कंपनीचा 1972 चा 'पाँग' मात्र जगभर गाजला. तो ॲलन अल्कॉर्न या नव्या इंजिनिअरला हात बसावा म्हणून दिलेला सराव होता. दोन फळ्या आणि एक चेंडू, एवढाच तो खेळ. तात्पर्य, खेळ हाती असलेल्या वेळेएवढाच असावा.

२) वेळेचा हिशेब

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावास शाळेच्या पहिल्या सत्रातच येतो. या काळात भिक्खू फिरस्ती थांबवून एका जागी राहतात व अध्ययन करतात. आपल्या प्रकल्पानेही तोच नियम पाळावा. एकदा ठरलेला खेळ सोडून दुसऱ्याकडे जाऊ नये.

या तीन महिन्यांत किमान बारा रविवार मिळतात. त्यांतून घटक चाचणीचा एक, पोळा-गणपतीचा एक आणि निंदण-डवरणी, पाऊस किंवा लाईट गेल्याचा एक असे तीन वजा करावेत. उरले नऊ. दर रविवारी दोन तास, संगणक एक, मुले आठ. दोघादोघांच्या चार जोड्या केल्या तर प्रत्येक जोडीला दर आठवड्यास अर्धा तास येतो. म्हणजे साऱ्या सत्रात संगणकासमोर फक्त साडेचार तास! उरलेला दीड तास कागदावर काम करावयाचा. हा हिशेब मुलांसमोर फळ्यावर मांडावा, म्हणजे शर्यतीचा आणि लढाईचा हट्ट आपोआप सुटतो.

३) खेळ कोणता?

आपल्या रिद्धपूरपासून मोर्शी-वरूडपर्यंत संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराची फळगळ मुले दर पावसाळ्यात पाहतात. म्हणून खेळ ठरविला 'संत्री झेला'. वरून संत्री पडतात, खाली टोपली सरकवून ती झेलायची. झेलले तर एक गुण, तीन संत्री जमिनीवर पडली की खेळ संपला.

यासाठी 'स्क्रॅच' हे साधन पुरेसे आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. संस्थेने 2007 साली ते मुलांसाठी खुले केले. ते मोफत आहे, आणि एकदा संगणकावर घेतले की इंटरनेटशिवायही चालते. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे असतात. पडद्याचा मध्य शून्य. डावीकडे उणे 240, उजवीकडे 240, वर 180, खाली उणे 180. शाळेतील ऋण संख्या आणि आलेख येथे कामी येतात.

४) नऊ रविवारांची वाटणी

पहिला : खेळ एका वाक्यात लिहिणे.
दुसरा : आलेख कागदावर टोपली व संत्र्याच्या जागा मांडणे.
तिसरा : टोपली डावी-उजवीकडे सरकविणे.
चौथा : संत्रे वेगवेगळ्या जागांवरून खाली पाडणे.
पाचवा : झेलल्यावर गुण वाढविणे. येथे खेळ खेळण्याजोगा झालाच पाहिजे.
सहावा : दुसऱ्या जोडीला खेळावयास देणे व अडचणी वहीत टिपणे.
सातवा : तीन संत्री पडल्यावर खेळ थांबविणे.
आठवा : फक्त चुकांची दुरुस्ती, नवीन काही जोडू नये.
नववा : मराठीत सूचना लिहिणे, दोन पेनड्राइव्हवर प्रती ठेवणे व सादरीकरणाचा सराव.

सूचना मराठीतच असाव्यात. ज्या गावाशी लीळाचरित्राचे नाते आहे आणि जेथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे, तेथील मुलांनी 'गेम ओव्हर' का लिहावे? 'खेळ संपला' लिहावे.

५) चूक शोधणे आणि पाळी

खेळ दुसऱ्यांदा सुरू केला की मागचे गुण तसेच दिसतात, ही नेहमीची चूक. सुरुवातीस गुण शून्य करण्याची आज्ञा राहून गेलेली असते. मुले वैतागतात. त्यांना आम्ही सांगतो, बँकेत दिवसअखेर दहा रुपयांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत व्हाउचरमागून व्हाउचर तपासावे लागते. येथेही तसेच, एकेक ठोकळा तपासावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याच्या घरी संगणक आहे तो मुलगा कीबोर्ड सोडत नाही, आणि मुली मागे उभ्या राहून पाहतात. म्हणून जोडीतील दोघांनी पंधरा-पंधरा मिनिटे कीबोर्ड घ्यावा आणि घड्याळ मंडळाच्या कार्यकर्त्याने सांभाळावे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'शिका' म्हटले ते सर्वांना. एकाच संगणकापुढे ही समता पाळता आली नाही, तर गेम चांगला होऊनही प्रकल्प फसला असे आम्ही समजू.

आश्विन पौर्णिमेच्या कार्यक्रमात चारही जोड्यांचे खेळ मांडावेत. ज्येष्ठांनी स्वतः बसून टोपली सरकवून पाहावी आणि हा ठोकळा येथे का लावला, असे मुलांना विचारावे. ज्याला त्याचे उत्तर देता आले, त्याचा वर्षावास सार्थकी लागला.

जयभीम!