पूर्वपक्ष

रोह्याच्या दक्षिणेस, मांदाडच्या खाडीजवळ, कुडा येथील डोंगरात बौद्ध लेणी कोरलेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे वाचावयास मिळतात. त्यांत माळी आहेत, लोखंडाचा व्यापारी आहे. एक चैत्यगृह भायिला नावाच्या ब्राह्मण स्त्रीने दिले. तिचा पती अयितिलु हा ब्राह्मण असून बुद्धाचा उपासक होता. जन्माने ब्राह्मण आणि श्रद्धेने बौद्ध असणे त्या काळी लपवावे लागत नव्हते. ते दगडावर कोरता येत होते.

मग त्या काळी मतभेद नव्हते काय? होते, आणि ते तीव्र होते. मीमांसक वेदांना प्रमाण मानीत. बौद्ध व जैन मानीत नसत. नैयायिक आत्मा नित्य आहे असे सिद्ध करीत. बौद्ध ते नाकारीत. चार्वाक तर इंद्रियांना जाणवते तेवढेच खरे मानीत. तथापि वादाची एक शिस्त होती. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावयाचे आणि मगच त्याचे खंडन करावयाचे. या पहिल्या मांडणीस 'पूर्वपक्ष' म्हणत. चौदाव्या शतकातील माधवाचार्य स्वतः वेदान्ती. पण त्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रह' या ग्रंथाचा आरंभ चार्वाकमताने होतो. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ बहुतेक लुप्त झाले. त्यांचे विचार आज आपणांस कळतात, ते मुख्यतः विरोधकांनी लिहून ठेवले म्हणून!

न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीही न मांडता दुसऱ्याचे फक्त खोडून काढणे ही वितंडा.

ही शिस्त सर्वांनी सदैव पाळली असे नाही. कित्येक ग्रंथांत प्रतिपक्षाला कठोर शब्दांनी हिणविलेले आढळते. सर्वांभूती एकच परमेश्वर पाहण्यास शिकविणाऱ्या समाजाने काही माणसांना देवळाबाहेर उभे केले.

पेण तालुक्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबा भावे यांना हे दोन्ही अनुभव आले. गीता व उपनिषदे यांचे हे गाढे अभ्यासक. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले, आणि १९६२ साली त्यातील वेचे प्रसिद्ध केले. धम्मपदाची त्यांनी नवी रचना केली. त्यांच्या प्रेरणेने १९७४ साली जैनांच्या सर्व पंथांना मान्य असा 'समणसुत्तं' हा ग्रंथ सिद्ध झाला. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच ग्रंथांतून समजून घ्यावयाचे, हा पूर्वपक्षाचा धडा त्यांनी जन्मभर गिरविला.

१९५३ साली देवघर येथील वैद्यनाथाच्या मंदिरात ते अस्पृश्य मानलेल्या बांधवांसह गेले, तेव्हा त्यांना मारहाण झाली व त्यांच्या कानास इजा पोचली. मारणाऱ्यांस शिक्षा होऊ नये, असे त्यांनी सांगितले. पुढे १९५८ साली पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात मात्र त्यांचे स्वागत झाले. त्या वेळी त्यांच्याबरोबर मुसलमान आणि ख्रिस्ती सोबतीही विठ्ठलाच्या पायांपर्यंत पोचले.