सुट्या भागांची राखण

तहान लागल्यावर विहीर खणण्याची पाळी येऊ नये म्हणून शहाणा मनुष्य इंजिनाचे सुटे भाग आधीच आणून ठेवतो. परंतु आणून ठेवणे निराळे आणि राखून ठेवणे निराळे. ऐन हंगामात शेतावरील पंपाचे इंजिन बंद पडावे आणि कोठारातून काढलेले कोरे बेअरिंग गंजलेले निघावे, तर पैसा जातो आणि पीकही धोक्यात येते. चालत्या यंत्रातील भागास वंगण मिळत असते. फळीवरच्या भागाची काळजी मात्र आपणच वाहिली पाहिजे.

या भागांचा पहिला वैरी म्हणजे गंज. लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की तो उत्पन्न होतो. हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ६० च्या वर गेली की तो झपाट्याने वाढतो; हवेत क्षार असल्यास त्याहून कमी ओलावाही त्यास पुरतो. आपले सुरत शहर तापीच्या काठी वसलेले, त्यात समुद्र जवळ. पावसाळ्यात येथील हवा दमट असते. म्हणून नव्या भागावरील तेलकट वेष्टन वापराच्या क्षणापर्यंत काढू नये. घामातही क्षार असतात. उघड्या धातूस बोटे लागल्यास तो भाग रॉकेलने धुऊन, कोरडा करून, त्यास तेल चोळावे. भुईस ओल येते, तेव्हा सर्व भाग फळीवर ठेवावेत.

दुसरा वैरी हादरा. यंत्रमाग चालू असले की जमीन आणि भिंती थरथरतात, हे सुरतकरांस सांगावयास नको. स्थिर बेअरिंगास असे हादरे बसत राहिले, तर आतील गोळ्या एकाच जागी घासून कड्यावर बारीक खळगे पाडतात. फिरत्या बेअरिंगात वंगण पुन्हा पसरते, थांबलेल्यात ते त्या जागेवरून सरकून जाते. यास्तव कोठार चालत्या यंत्रांपासून दूर असावे आणि बेअरिंग आडवे, सपाट ठेवावे.

तिसरी गोष्ट आकाराची. सिलिंडरचे लाइनर उभे ठेवावेत. दीर्घकाळ आडवे पडून राहिल्यास त्यांची गोलाई बिघडण्याचा संभव असतो. गॅस्केट सपाट असावे. रबरी पट्टा खिळ्यास टांगू नये. त्यास कायमचा बाक येतो. ऊन, उष्णता आणि विजेच्या मोटारीतील ठिणग्यांपासून होणारा ओझोन वायू यांनी रबरास भेगा पडतात. जे तेल लोखंडास तारते तेच साध्या रबरास फुगवून निकामी करते, म्हणून दोहोंची फळी वेगळी हवी.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीस महापूर आला आणि सुरतेचा बहुतेक भाग जलमय झाला. त्या अनुभवाचा बोध हा की, नाजूक भाग वरच्या मजल्यावरच असावेत.

प्रत्येक पुडक्यावर भागाचे नाव आणि आणल्याची तारीख लिहावी, आणि जुना भाग आधी वापरावा. आपल्यापैकी अनेकांच्या घरी माग, पंप किंवा मोटारसायकल असेल. येत्या सुटीत वडीलधाऱ्यांच्या परवानगीने त्या सामानाची पेटी पाहा. संकटसमयी उपयोगी पडतो तोच खरा साठा. बाकीचे केवळ भंगार.