घाटाला दोन केळी

धुळे,
कोजागरी

चि. ओंकार यास,


तुझ्या आईचा फोन आला होता. गिअरची सायकल घेतलीस हे कळलं, आनंद झाला. पण दिवाळीच्या सुट्टीत जळगावहून निघून एका दमात तोरणमाळ गाठायचा बेत आहे म्हणे! ताई म्हणाली, "तू मामा आहेस, तूच समजाव." मी तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं आणि त्यातली वीस वर्षं सायकलवर शाळेत गेलो. त्यामुळे तुला अडवण्याऐवजी हिशोब मांडून दाखवतो. तो पटला तर ऐक.

आधी आपला मुलूख बघ. खानदेश म्हणजे परात. मध्ये तापी, वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे. आपण राहतो परातीच्या तळाला आणि घाट सगळे काठाला. पुण्याचा पोरगा घरातून निघाला की तासाभरात चढाला लागतो. तू जळगावहून निघालास तर चाळीसगाव येईपर्यंतच शंभरेक किलोमीटर सपाट रस्ता तुडवावा लागतो आणि औट्रम घाट त्याच्याही पुढे. आपल्याकडे माणसाला घाट थकवत नाही, घाटापर्यंतचा रस्ता थकवतो.

आता आकडे. तू आणि सायकल मिळून ऐंशी किलो धर. घाट अडीचशे मीटर उंच धर. पाच किलोमीटरमध्ये तेवढं चढायचं म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर, पाच टक्के चढ. नुसतं वजन वर न्यायला ऐंशी गुणिले दहा गुणिले अडीचशे, म्हणजे दोन लाख ज्यूल लागतात. शरीर खाल्लेल्या अन्नाचा चौथा-पाचवा हिस्साच पायडलवर उतरवतं, बाकीची उष्णता होते. म्हणून आठ ते दहा लाख ज्यूल, म्हणजे एकशेनव्वद ते दोनशेचाळीस कॅलरी. एका केळ्यात शंभरेक कॅलरी असतात. तेव्हा घाटाला लागली दोन केळी! आता शंभर किलोमीटरच्या सपाटीचा हिशोब कर. हवेला कापत चार-साडेचार तास पायडल मारायचं तर पंधरा-सोळा केळी होतात. पोटाला मात्र तासाला दोनच्या वर पेलत नाहीत. उरलेलं अंगातल्या साठ्यातून जातं, आणि सपाटीवर तू मर्दुमकी दाखवलीस तर तो साठा घाटाच्या पायथ्याशीच संपतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तुझ्यापेक्षा थोडा मोठा होतो, बिनगिअरची सायकल होती. आश्विनातच निघालो होतो, पण पहाटेच्या गारव्यात एका मोटारसायकलवाल्याच्या मागे लागलो आणि त्याच औट्रम, म्हणजे कन्नड घाटाच्या पायथ्याशी दहाच्या उन्हात पोचलो तेव्हा हातपाय थरथरत होते. वाहनं दोन-दोन दिसायला लागली. एका टपरीवरच्या आजीने विचारलं, "कथा चालना रे भो?" मला उत्तरही सुचेना. तिने लोटाभर ताक आणि मीठ घातलेली कळण्याची भाकरी पुढे ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. मी तिथूनच परत फिरलो. वर्षभर ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, लाज वाटली. खरं तर त्या दिवशी मी केलेलं एकच काम बरोबर होतं, ते म्हणजे परत फिरणं.

म्हणून पहिली शिकवण: सपाटीला तुला जो वेग सहज वाटतो, त्याहून दोन-तीन किलोमीटरने कमी ठेव. ब्रेव्हे म्हणतात त्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास देतात. म्हणजे थांबे धरून ताशी पंधराही पडत नाहीत. लांबचा पल्ला मारणाऱ्यांना हळू जाण्याचं महत्त्व कळलेलं असतं. चढाला लागण्याआधीच गिअर हलका कर. चढावर जोर लावून बदलशील तर चेन उतरेल. श्वास फुलायला लागला की आणखी हलका. बोलता येईल इतक्या दमाने चढायचं.

दुसरी: क्रमाने जा. दिवाळीला इकडे येशीलच, तेव्हा आधी लळिंगचा घाट करू. गावाबाहेर, मुंबई-आग्रा रस्त्यावर, किल्ल्याच्या कुशीत. छोटा आहे, पण चढावर आपला श्वास ओळखायला पुरतो. तिथला लांडोर बंगलाही दाखवीन, ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब आंबेडकर तिथे मुक्कामाला होते. मग तुझ्या बाजूला फैजपूर-सावद्याकडून खिरोदा आणि पाल. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मग सातपुड्याची सावली. त्यानंतर फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट. अजिंठ्याच्या रांगेची गंमत लक्षात ठेव: आपल्या बाजूला ती भिंतीसारखी उभी आहे, पलीकडे गोदावरीकडे मात्र ओट्यासारखी हळूहळू उतरते. म्हणून खानदेशातून जाणाऱ्याला सगळा चढ एकदम भेटतो. लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे तुमच्या धरणात येते आणि जळगावच्या नळाला तिचंच पाणी येतं. त्या पाण्याच्या वाटेने उलटं वर जायचं, एवढंच.

चौथा औट्रम. चाळीसगावला आदल्या रात्री रेल्वेने जा, मुक्काम कर आणि ताज्या पायाने पहाटे चढ. यात कमीपणा नाही. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तिथे दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता आणि २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी आली. म्हणून निघण्याआधी घाटाची स्थिती विचार. गौताळा अभयारण्याच्या वाटेने जायचं असेल तर वनखात्याच्या नाक्यावर आधी चौकशी कर. आणि उतरलास की पाटणादेवीला जा. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला होता. ते सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. लीलावतीत काटकोन त्रिकोणाची किती उदाहरणं आहेत! घाटही काटकोन त्रिकोणच आहे रे: पाया लांब, उंची थोडी, आणि आपण कर्णावर घाम गाळतो.

तोरणमाळ सगळ्यात शेवटी. शहादा दोनशे मीटरच्या आत आणि तोरणमाळ साडेअकराशेच्या आसपास. पन्नासेक किलोमीटरमध्ये जवळजवळ हजार मीटर, आणि त्यातला बराचसा चढ शेवटच्या टप्प्यात. म्हणजे औट्रमसारखे चार घाट एकावर एक. आणि तिथे जळगावहून थेट नाही, शहाद्याला मुक्काम करून. रस्त्यात भिल्ल-पावरांचे पाडे लागतील. पाणी मागशील तर आधी राम राम कर, आणि विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नकोस. मोबाईलला रेंज मिळेल असं धरून चालू नकोस. सूर्य मावळायच्या आत जंगल सोडायचं.

बिजासन आणि कोंडाईबारी हे घाट मात्र यादीतून काढ. ट्रकांच्या रांगेत सायकलला जागा नाही. नकाशावर चढ सुंदर दिसतो, पण तो चढ सायकलवाल्याचा नाही.

ऊन आणि वारा तू जाणतोसच. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या गावात वाढलास, तेव्हा त्या दोन महिन्यांत सायकल घरी. इतर वेळी पहाटे साडेचारला निघ आणि दहाच्या आत सावली गाठ. दर तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, त्यात चिमूटभर मीठ-साखर. तहान लागायची वाट बघू नकोस. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. म्हणून आषाढ-श्रावणात जाताना पश्चिमेला जा, येताना वारा पाठीशी घे.

आता उताराचं. ब्रेक सारखा दाबून धरू नकोस, रिम तापते. वळणाच्या आधी दाब, वळणात सोड, दोन्ही ब्रेक मिळून. नजर पुढच्या चाकावर नको, वळण जिथे संपतं तिथे. डांबरावर डिझेल, वाळू, शेण, कठड्यावर माकडं, हे सगळं दिसायला हवं. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते. आणि घाट उतरलास म्हणजे घरी आलास असं नाही. पुढे पुन्हा सपाटी आहे, तीही डोक्यावर ऊन घेऊन. तिच्यासाठी पाठीवरच्या खिशात चार केळी शिल्लक असलीच पाहिजेत.

सामानात दोन ट्यूब, हवेचा पंप, पान्हे, मागचा लाल दिवा. हेल्मेट नसेल तर सायकलला हात लावू नकोस. पंक्चर अंगणात बसून पाच वेळा काढून बघ, मगच रस्त्यावर निघ.

शेव-भाजी परत आल्यावर. निघण्याआधी नाही.

शेवटचं सांगतो. निघताना आईला सांगून निघ आणि परत फिरायची वेळ आधीच ठरव. घड्याळात ती वेळ झाली की माथा दोन वळणांवर असला तरी सायकल वळव आणि तिला फोन कर. ती काही विचारणार नाही. तू निघाल्यापासून ती जागीच असते.

दिवाळीत ये. लळिंगला तुझ्यासोबत मीही येतो, फक्त माझ्या वेगाने.

तुझा,
मामा